शास्त्रीय लेखन, लेखांक ६ : ‘आहे’ आणि ‘असावे’

राजगढ म्हटले की मराठी माणसाला मुरुंबदेवाच्या डोंगरावरचा किल्ला आठवतो. आजचे उदाहरण मात्र मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातले आहे. तिथल्या राजगढ गावाच्या दक्षिणेला बाग आणि कुक्षीचा मुलूख लागतो. ज्या काळ्या दगडावर आपले सह्याद्रीतले किल्ले उभे आहेत, त्याच लाव्हाच्या थरांखाली इथे लॅमेटा नावाचा गाळाचा खडक आहे. त्या खडकात डायनोसॉरची अंडी सापडतात.

हर्षा धीमान, बाकानेरच्या शाळेतले शिक्षक विशाल वर्मा, गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी इथली ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली. त्यांचा शोधनिबंध जानेवारी २०२३ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आला. अंडी टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, अवाढव्य शाकाहारी प्राण्यांची. त्यातला एक निष्कर्ष आपल्याला मराठीत लिहायचा आहे असे समजू. पहिल्या खर्ड्यात बहुतेकांच्या हातून असे वाक्य उतरते :

‘घरट्यांच्या निकटतेचे अस्तित्व निदर्शनास आल्यामुळे पालकांकडून होणाऱ्या संगोपनाच्या अभावाची शक्यता सूचित होते.’

व्याकरण बिनचूक, पण डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. कोण कुठे होते, कोणी काय केले, हे सगळे नामांच्या ओझ्याखाली गाडले गेले आहे. आता हे वाचा :

‘घरटी एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. एवढ्या मोठ्या जनावराला त्यांच्यामधून फिरायला जागा उरत नाही. म्हणून अंडी घालून माद्या निघून जात असाव्यात.’

पहिले वाक्य खडकात दिसते ते सांगते. दुसरे त्याचा अर्थ लावते. तिसऱ्यात अनुमान आहे, आणि ते अनुमान आहे हे ‘असाव्यात’ या एका शब्दाने कळते. ‘आहे’, ‘असावे’, ‘असेल’ हे आपण घरात दिवसभर वापरतो. दाराशी चपला दिसल्या की ‘काका आलेले असावेत’ म्हणतो. ‘काका आले’ म्हणत नाही. पुराव्याची पायरी दाखवणारे इतके नेमके क्रियापद हाताशी असताना ‘शक्यता सूचित होते’ कशाला? धार-देवासच्या मराठी घरांतली जी मुले हिंदीत शिकून इंग्रजीत शोधनिबंध वाचतात, त्यांना मला हे आवर्जून सांगायचे आहे : शास्त्रीय मराठीचा हा भाग तुम्हाला आधीच येतो.

दुसरी गोष्ट शब्द बदलण्याच्या सवयीची. धीमान, वर्मा आणि प्रसाद यांनी २०२२ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये पाडल्या गावाजवळच्या एका विलक्षण अंड्याचे वर्णन केले. ते अंड्यात अंडे आहे. दोन कवचे, एकात एक, आणि मध्ये रुंद फट. पक्ष्यांमध्ये असे क्वचित घडते : तयार झालेले अंडे अंडनलिकेत मागे ढकलले जाते आणि मागून येणाऱ्या अंड्याच्या आत सापडते. कासवांमध्ये मात्र बिघाड झाला तर कवचावर कवच चिकटून बसते. आत दुसरे अंडे सापडत नाही. म्हणून टायटॅनोसॉरची अंडनलिका पक्ष्यांसारखी असावी, असा त्यांचा तर्क.

हा सगळा तर्क ‘कवच’ आणि ‘अंडे’ यांतल्या फरकावर तोललेला आहे. शाळेत निबंध लिहिताना एकच शब्द पुन्हा आला की बाई लाल शाईने खूण करत. त्या सवयीने इथे ‘कवच’, मग ‘टरफल’, मग ‘आवरण’ असे लिहिले, तर वाचक तीन वेगळ्या वस्तू शोधू लागेल. सात वेळा लागले तर सात वेळा ‘कवच’ लिहा.

आपल्या शेवटच्या खर्ड्यातले एक पान घ्या. पाहिलेल्या गोष्टींची क्रियापदे निळ्या पेनाने अधोरेखित करा, तर्काची लाल पेनाने. जिथे पेन अडखळेल, ते वाक्य पुन्हा लिहा. पुढच्या आठवड्यात आकृत्या आणि त्यांच्या खालच्या ओळी.