घरात रेंज नाही? बूस्टर घेण्याआधी हे वाचा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात अम्मी रात्री न्हाणीघरात पाय घसरून पडली. मोबाईल हाताशी होता, चार्जही होता. पण माजघराच्या मागच्या भागात रेंज नाही. तिने माझा नंबर लावला, लागला नाही. शेजारच्या चाचींचा लावला, तोही नाही. फजरच्या सुमारास चाची उठल्या, त्यांना आवाज आला आणि मग पुढची धावपळ झाली. हाड मोडलं नव्हतं, एवढंच नशीब.

त्या रात्री स्क्रीनवर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ असं लिहून येत होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. तिला वाटलं, फोन बिघडला. खरं तर त्या ओळीचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की तुमच्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा टॉवर फोनला दिसतोय. अशा वेळी ११२ हा नंबर त्या दुसऱ्या टॉवरवरून लागू शकतो. घरातल्या मोठ्या माणसांना हे एकदा सांगून ठेवा. जमलं तर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा.

त्या प्रसंगानंतर मी गावच्या घरात चार दिवस फोन हातात घेऊन फिरलो. कुणी म्हणालं बूस्टर बसव, कुणी म्हणालं सिम बदल, एकाने तर फोनच्या मागे चिकटवायचा ‘अँटेना स्टिकर’ आणून दिला. यातलं काय खरं आणि काय खोटं, ते समजून घेताना कळलेल्या गोष्टी इथे देतोय. गावात घर असो की मुंब्रा-भिवंडीच्या दाट वस्तीत तळमजल्यावर खोली असो, त्रास सारखाच आहे.

काड्या मोजू नका, आकडा बघा

फोनवरच्या रेंजच्या काड्या फसव्या असतात. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन कंपनी स्वतःच ठरवते. खरा आकडा डीबीएममध्ये असतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अबाउट फोन’, मग ‘स्टेटस’ किंवा ‘सिम स्टेटस’ उघडलं की ‘सिग्नल स्ट्रेंथ’ दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की तपासणीचा पडदा उघडतो.

हा आकडा नेहमी वजा असतो. म्हणजे -८५ हा -११० पेक्षा चांगला. फोर-जीवर साधारण -१०० पर्यंत निवांत बोलता येतं, -११० च्या खाली गेलं की आवाज तुटायला लागतो आणि -१२० च्या आसपास कॉल टिकत नाही. गंमत अशी की दहाचा फरक म्हणजे सिग्नलच्या ताकदीत दहापट फरक. आमच्या माजघरात -११८ होतं, पडवीत -१०६ आणि माळ्यावरच्या खिडकीत -९४. म्हणजे एकाच घरात माजघरापेक्षा माळ्यावर सिग्नल जवळजवळ अडीचशे पट जास्त! अम्मी ज्या जागी पडली होती तिथे तर आकडाच दिसत नव्हता.

म्हणून पहिलं काम फुकटचं आहे. घरात फिरा, प्रत्येक खोलीतला आकडा कागदावर लिहा. एका जागी मिनिटभर थांबा, कारण आकडा लगेच बदलत नाही. घरातली ‘चांगली जागा’ कुठली, हे कळल्याशिवाय पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही.

भिंत, पत्रा आणि पाऊस

सिग्नल म्हणजे रेडिओ लहरी. त्या खिडकीतून, कौलांतून बऱ्यापैकी आत येतात. जाड भिंतीत अडकतात आणि धातूवरून परत फिरतात. आमच्याकडच्या चिऱ्याच्या भिंती जाड, त्यात पावसाळ्यात ओल धरतात. पाणी या लहरी शोषून घेतं, म्हणून ओली भिंत आणि ओली झाडं दोन्ही रेंज खातात. शहरात स्लॅबमधल्या सळ्या, छपराचे पत्रे, पाण्याची टाकी आणि आजकालच्या आरशासारख्या चकचकीत काचा तेच काम करतात. त्या काचांवर धातूचा अगदी पातळ थर असतो.

टॉवर अगदी डोक्यावर असूनही रेंज नसणारे लोक आहेत, ते उगाच तक्रार करत नाहीत. टॉवरचे अँटेना लांबवर फेकण्यासाठी किंचित खाली झुकवलेले असतात, सरळ पायाखाली त्यांचा झोत कमी पडतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं.

लहरी कुठल्या पट्ट्यातल्या आहेत, यावरही बरंच अवलंबून असतं. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही आत शिरतात. २३०० किंवा फाइव्ह-जीच्या ३३०० मेगाहर्ट्झवाल्या लहरी वेगाने डेटा देतात, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतात. एकाच गल्लीत एका कंपनीची रेंज घरात येते आणि दुसरीची येत नाही, याचं हे एक मोठं कारण.

आणि वीज. गावाकडे लाइट गेली की टॉवर बॅटरीवर किंवा डिझेल जनरेटरवर चालतो. बॅटरी उतरली की टॉवरही बसतो. पावसाळ्यात ‘रेंज गेली’ म्हणतो तेव्हा अनेकदा दोष आपल्या घराचा नसतोच.

सेटिंगमध्ये बघायच्या दोन गोष्टी

एक, व्होल्टी म्हणजे फोर-जीवरचा कॉल चालू आहे का? जिओकडे टू-जी किंवा थ्री-जी कधी नव्हतंच, त्यामुळे व्होल्टी बंद असेल तर साधा कॉल होतच नाही. एअरटेल आणि व्हीआयचा कॉल अशा वेळी टू-जीवर जाऊ शकतो. जुना फोन मुलांनी ‘रिसेट’ करून दादीला दिला आणि ही सेटिंग बंद राहिली, असं खूप घरांत होतं.

दोन, फोन फाइव्ह-जीचा असेल आणि परिसरात फाइव्ह-जी जेमतेम असेल, तर फोन सारखा फोर-जी आणि फाइव्ह-जीमध्ये उड्या मारतो. नेटवर्क मोड फोर-जीवर, म्हणजे ‘एलटीई’वर ठेवून बघा. बॅटरीही वाचते. कमी रेंजमध्ये फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावतो, म्हणून तो गरम होतो आणि चार्जिंग लवकर उतरतं.

‘सिग्नल बूस्टर’ नावाची अ‍ॅप आणि ते स्टिकर मात्र विसरा. अ‍ॅप फार तर फोनचं नेटवर्क बंद-चालू करतं, जे विमानाचं बटण दाबूनही होतं. स्टिकर काहीच करत नाही.

खरा उपाय : वायफाय कॉलिंग

घरात इंटरनेटची लाइन असेल तर सगळ्यात सोपा मार्ग हाच. भारतात ही सोय २०१९ च्या डिसेंबरपासून सुरू झाली, तरी आजही निम्म्या लोकांना ती आपल्या फोनमध्ये आहे हेच माहीत नसतं, असा माझा अनुभव आहे. कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कंपनीच्या यंत्रणेत जातो. नंबर तोच, वेगळं अ‍ॅप नको आणि समोरच्याच्या फोनमध्ये काहीच बदल नको. पैसे तुमच्या प्लॅनप्रमाणेच. सेटिंग्जमध्ये सिम किंवा कॉलच्या भागात ‘वायफाय कॉलिंग’ शोधा आणि चालू करा. बोलता बोलता अंगणात आलात आणि तिथे रेंज असेल, तर कॉल न तुटता टॉवरवर जातो.

व्हॉट्सअ‍ॅप कॉल आहे की, मग हे कशाला, असं कुणी विचारेल. आमच्या गावातली अर्धी घरं आखातातल्या कमाईवर उभी आहेत. यूएईमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरचा कॉल चालत नाही. भाऊ तिथून साधा फोन लावतो, तो घरात लागायला हवा. शिवाय बँकेचा, गॅसवाल्याचा, दवाखान्याचा फोन व्हॉट्सअ‍ॅपवर येत नाही. ओटीपीचे मेसेजही वायफाय कॉलिंगवर अनेकदा येतात, पण ते फोन आणि कंपनी दोन्हीवर अवलंबून आहे. एकदा तपासून घ्या, ऐन स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना अडकू नका.

अडचण दोन ठिकाणी येते. जाड भिंत वायफायलाही अडवते. राउटर कोपऱ्यातल्या कपाटात न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवा, आणि लांबच्या खोलीसाठी ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा. ते भिंतीतून जास्त आत जातं. दुसरं, लाइट गेली की राउटर बंद. राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, म्हाताऱ्या माणसांच्या घरात तो असायलाच हवा.

लाइनच नसेल तर? आम्ही जे केलं ते सांगतो. घरातला जुना फोर-जी फोन, त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम, आणि तो माळ्यावरच्या -९४ वाल्या खिडकीत चार्जरला लावून हॉटस्पॉट चालू. खाली अम्मीचा फोन त्या वायफायला जोडला आणि वायफाय कॉलिंग सुरू केलं. बोलण्याला डेटा फार लागत नाही. हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची सेटिंग तेवढी काढून टाकावी लागते. चोवीस तास चार्जिंगवर ठेवलेल्या जुन्या फोनची बॅटरी फुगते का, ते मात्र अधूनमधून बघत जा; उन्हात आणि कापडात गुंडाळून ठेवू नका. ज्यांना परवडतं त्यांनी सिम घालायचा फोर-जी राउटरच घ्यावा.

बूस्टर का नको

बाजारात आणि ऑनलाइन सर्रास मिळतो, म्हणून तो कायदेशीर आहे असं नाही. मोबाईल सिग्नलचा बूस्टर किंवा रिपीटर बाळगणं, विकणं आणि वापरणं हे परवानाधारक टेलिकॉम कंपन्यांशिवाय इतरांना बेकायदेशीर आहे, असं केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. कारण तांत्रिक आहे. स्वस्त बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही टॉवरकडे फेकतो. तुमच्या घरात चार काड्या येतात आणि आजूबाजूच्या पन्नास घरांचे कॉल तुटायला लागतात. दूरसंचार विभागाची माणसं यंत्र घेऊन असे बूस्टर शोधतात आणि जप्त करतात. पैसेही गेले, यंत्रही गेलं.

सिम बदलायचं असेल तर

आधी शेजारी किंवा पाहुण्यांचा फोन घेऊन आपल्या घरातला आकडा तपासा. टॉवर दिसतो म्हणून सिम घेऊ नका. तो कुणाचा, त्यावर कुठल्या कंपन्या आहेत, हे दिसून कळत नाही. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर बघता येतात. ट्रायच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांनाही वेबसाइटवर रेंजचे नकाशे द्यावे लागतात. पण नकाशातला रंग रस्त्यावरचा असतो, माजघरातला नसतो.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला PORT हा शब्द इंग्रजीत टाइप करून, जागा सोडून, आपला दहा आकडी नंबर १९०० वर एसएमएस करायचा. येणारा कोड महाराष्ट्रात ४ दिवस चालतो. आताच्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले हवेत.

तक्रार करायची तर १९८ वर. बोलून फोन ठेवू नका, तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. आकडे लिहिलेला तो कागद इथे कामाला येतो, ‘रेंज नाही’ म्हणण्यापेक्षा ‘तीन खोल्यांत -११५’ हे वजनदार असतं. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे पत्रं पाठवण्यात वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र खुला आहे. टेलिकॉम कंपनीविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. मी स्वतः माझ्या कंपनीकडे तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा ‘तक्रार सोडवली’ असा मेसेज आला. आकडा होता तिथेच होता. चौथ्यांदा सगळ्या मोहल्ल्याने मिळून, पंधरा घरांच्या नंबरांसह अर्ज दिला, तेव्हा पहिल्यांदा एक इंजिनियर पाहणीला आला.

टॉवरची भीती आणि टॉवरचं आमिष

रेंज हवी पण टॉवर नको, हे भांडण प्रत्येक सोसायटीत आहे. किरणांची भीती लोकांच्या मनात खोल बसली आहे. भारतातली मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलेली आहे. शंका असेल तर तरंग संचारवर ४००० रुपये भरून आपल्या जागेची मोजणी करून घेता येते. आणि टॉवर लांब असला की कानाला लावलेला फोनच जास्त ताकदीने सिग्नल सोडतो, हे वादात कुणी लक्षात घेत नाही.

याच्या उलट, ‘तुमच्या गच्चीवर टॉवर बसवतो, महिन्याला मोठं भाडं, फक्त आधी एनओसीचे पैसे भरा’ असे फोन येतात. ट्राय टॉवरसाठी कसलीही एनओसी देत नाही आणि खरी कंपनी जागामालकाकडून आगाऊ पैसे मागत नाही. असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

सध्या आमच्या घरी -९४ वाल्या खिडकीत तो जुना फोन आहे, अम्मीच्या गळ्यात साधा बटणांचा दुसऱ्या कंपनीचा फोन आहे आणि न्हाणीघराच्या दाराशी कागदावर ११२ लिहिलेलं आहे. मोहल्ल्याच्या अर्जाचं पुढे काय झालं, ते इंजिनियर अजून कळवतोय.