मोहतुराची आजी वंशावळीत कशी शोधायची?

हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण या भागातली कुठलीही जुनी वंशावळ उघडून बघा. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, अशी ती खाली उतरत जाते. बायकांची नावं मुळातच कमी. त्यातही एक बाई हमखास गळालेली असते: तरुणपणी नवरा वारला आणि जिनं दुसरा घरोबा केला ती. पहिल्या घरानं ‘ती गेली’ म्हणून तिचं नाव सोडलं. दुसऱ्या घरात ती लग्नाची नव्हे, पाटाची; म्हणून तिथंही फार कुणी बोललं नाही. पण तिची मुलं दोन्ही घरांत असू शकतात. म्हणजे ती सुटली की अर्ध्या कुळाचं नातंच सुटतं.

आधी शब्द ओळखा

आपल्याकडं मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच बाजारात बोलली जाते. त्यामुळं या विवाहाला नावंही अनेक. मराठीत पाट किंवा मोहतूर (म्होतूर), कन्नडमध्ये उडकी, तेलुगूत मारुमनुवु. घरातली म्हातारी माणसं ‘लग्न’ न म्हणता ‘तिचा पाट लावला’ किंवा ‘उडकी केली’ म्हणाली, तर तिथं थांबायचं. बोलणाऱ्याला तो साधा शब्द वाटतो, पण पहिलं लग्न आणि दुसरं यांतला फरक त्या एका शब्दानं सांगितलेला असतो. पेशवाईच्या मुलखात तर अशा विवाहावर ‘पाटदाम’ नावाचा कर होता. चाल किती सर्रास होती, हे त्यावरूनच कळतं.

ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही जाती सोडल्या, तर शेतकरी, धनगर, कारागीर आणि दलित जातींत मोहतूर चालत असे. लिंगायतांतही बऱ्याच ठिकाणी विधवाविवाह होत असे. जातीनं तो मान्य केलेला असे आणि पाटाची मुलं औरस धरली जात. मान मात्र लग्नाइतका नसे.

विधीतल्या खुणा

मोहतूर बहुधा रात्री लागे. कुमारिका आणि सवाष्णी तिथं थांबत नसत. नव्या जोडप्याचं तोंड सकाळी कुणी बघू नये, असाही समज ठिकठिकाणी होता. त्यामुळं लग्नाची तिथी, मुहूर्त, वरात, पत्रिका असं काहीच मागं राहत नाही. ‘आजीच्या लग्नाचं कुणालाच काही आठवत नाही’ असं घरात ऐकू आलं, तर हीही एक शक्यता मनात ठेवावी.

दुसरी खूण रुईची. बिनलग्नाच्या पुरुषानं विधवेशी पाट लावायचा असेल, तर आधी रुईच्या झाडाशी त्याचं लग्न लावायची रीत होती. ‘आमच्या आजोबांचं रुईशी लग्न झालं होतं’ हे घरात हसत सांगतात. ती कदाचित आजीच्या पहिल्या नवऱ्याची आठवण असते. मात्र घाई करू नये. विधुराच्या तिसऱ्या लग्नाआधीही रुईशी लग्न लावत. आधी आजोबांची किती लग्नं झाली ते विचारा.

जमीन कुणाकडं राहिली?

इथं इतिहास आपल्या अगदी दारात येतो. विधवेच्या वारसाहक्काचा देशाच्या बहुतेक भागांत आधार मानला गेलेला ‘मिताक्षरा’ हा ग्रंथ विज्ञानेश्वरानं चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणीत लिहिला. म्हणजे हुमनाबादहून तीसेक किलोमीटरवरच्या आजच्या बसवकल्याणात. नवरा भावांपासून वेगळा निघालेला आणि निपुत्रिक असेल, तर विधवेला वारसा मिळे. एकत्र कुटुंबात तिच्या वाट्याला फक्त पोटगी.

इंग्रजी मुलखात १८५६ च्या कायद्यानं विधवाविवाह वैध झाला, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानं पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. ज्या जातींत पाट पूर्वीपासून चालत होता, त्यांनाही हे लागू का? मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, हो, तिथंही हक्क जातो. अलाहाबादनं उलट निकाल दिला. हुमनाबाद निजामाच्या राज्यात असल्यानं हा कायदा इथं आपोआप लागू नव्हता. इथं रूढी आणि जातपंचायत यांचं वजन जास्त. पण व्यवहार बहुतेक तसाच होई. पहिल्या घरचे दागिने परत, मुलं पहिल्या घरी, आणि बाई नेसत्या लुगड्यानिशी दुसऱ्या गावी. अंगावरचं मूल असेल तर ते सोबत जाई आणि मोठं झाल्यावर बरेचदा परत येई. काका-चुलत्यांकडं वाढलेला, ज्याच्या आईचं नाव कुणी घेत नाही, असा पणजोबा तुमच्या घरात असेल तर मामाचं गाव आधी शोधा.

कागद कुठले बघायचे

मराठी मोडी कागदांत बाईच्या नावापुढं ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आणि मग नवऱ्याचं नाव येतं. उर्दू दप्तरात ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा. वारसाच्या नोंदीत एखादी ‘बेवा’ काही वर्षं दिसते आणि पुढच्या कागदात तिच्याऐवजी दीर किंवा पुतण्या येतो. ती वारली असं धरून पुढं जाऊ नका. दुसऱ्या गावच्या कागदात ती ‘जौजे’ म्हणून असू शकते.

सनावर लक्ष ठेवा. निजामी कागदांत फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, मात्र वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्यानं जानेवारीनंतरच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे फसली १३३० हे १९२०-२१.

१९५४-५५ ची खासरा पहाणी हा चांगला टप्पा आहे, कारण लगेच दोन गोष्टी बदलल्या. जून १९५६ मध्ये हिंदू वारसा कायदा आला आणि विधवेला मिळालेली जमीन तिच्या पूर्ण मालकीची झाली. त्यानंतर नोव्हेंबर १९५६ मध्ये बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. हुमनाबाद, भालकी, औराद म्हैसूरकडं. उदगीर, निलंगा मुंबई राज्याकडं. जहीराबाद, नारायणखेड आंध्रकडं. दुसऱ्या नवऱ्याचं गाव आज परराज्यात असेल, तर पहिला कागद कन्नडमध्ये, दुसरा मराठीत किंवा तेलुगूत आणि दोहोंच्या मागचा उर्दूत, असं होतं.

जमीनच नसलेल्या घरांना हा रस्ता बंद आहे. तिथं तुळजापूर, पंढरपूर, त्र्यंबकेश्वर इथल्या उपाध्यांच्या वह्या आणि माहेरच्या म्हाताऱ्या बायकांची आठवण हाच आधार. सासरची माणसं विसरतात, माहेरची सहसा विसरत नाहीत.

लिहून ठेवलं की काय होतं

कोकणातल्या देवरुखच्या गोदूबाई आठव्या वर्षी, लग्नानंतर जेमतेम तीन महिन्यांत विधवा झाल्या. पुढं पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुण्यात त्यांचं लग्न झालं. माहेरच्या गोदूबाई, लग्नानंतर आनंदीबाई, लोकांच्या बाया कर्वे: एकाच बाईची तीन नावं. मुरूडला कर्व्यांवर बहिष्कार पडला. पण बायांनी ‘माझे पुराण’ लिहिलं, म्हणून त्यांची पहिली ओळखही हरवली नाही. भारतातल्या नातेव्यवस्थेवर ग्रंथ लिहिणाऱ्या इरावती कर्वे या त्यांच्याच सूनबाई.

ब्राह्मण घरात जे बंड ठरलं, ते आपल्याकडच्या शेतकरी घरांत पिढ्यान् पिढ्या रात्रीच्या अंधारात उरकलं जात होतं. फरक एवढाच की इथं कुणी लिहून ठेवलं नाही.

म्हणून वंशावळ तयार करताना अशा आजीसाठी एक ओळ नव्हे, दोन ओळी ठेवा: पहिलं घर आणि दुसरं घर, दोन्हींकडची मुलं, आणि माहेरचं गाव. दोन्ही घरांतल्या हयात माणसांना विचारल्याशिवाय ते छापू नका. काही ठिकाणी ‘पाटाची’ हा शब्द अजून बोचतो. घरच्या वहीत मात्र तिचं नाव लिहाच. ती वारली नव्हती, दुसऱ्या गावाला गेली होती, एवढं तरी पुढच्यांना कळेल.