तिसरी भाकरी

मराठी भाषा लठ्ठ माणसाशी फार प्रेमाने वागते, हे मला इतकी वर्षे ती शिकवूनही कधी जाणवले नव्हते. मूल जाड असले की ते गुटगुटीत, बाळसेदार. बाई जाड असली की भरल्या अंगाची. पुरुषाचे पोट सुटले की तो खाऊनपिऊन सुखी. उलट जो बारीक तो किडकिडीत, काटकुळा, लुकडा, नाहीतर मरतुकडा. ज्या मुलखात दर चार-दोन वर्षांनी दुष्काळ दाराशी येऊन बसे, त्या मुलखाची भाषा अशीच घडणार. म्हणून गेल्या दिवाळीनंतर आमच्या डॉक्टरांनी कागदावर 'ओबेसिटी' असे लिहून, वर "म्हणजे लठ्ठपणा, सर," असे भाषांतरही करून दिले, तेव्हा साखरेच्या आकड्यापेक्षा त्या शब्दानेच मी अधिक दुखावलो.

उंची पाच फूट सहा इंच, वजन 89 किलो, कंबर 106 सेंटिमीटर, वय 47. साखर अगदी सीमेवर. माझे वडील 54 व्या वर्षी हृदयविकाराने गेले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच मी सात वर्षांची ती वजाबाकी करून टाकली.

"पण आपलं खाणं तर सगळं जुन्या वळणाचं!" घरी येऊन मी कुरकुरलो. "पिझ्झा नाही, बर्गर नाही. शाळूची भाकरी, पिठलं, शेंगाचटणी आणि घरचं तूप. आजोबा पाच भाकऱ्या खायचे आणि काठीसारखे होते."

"अहो, आजोबा दिवसभर औतामागे चालायचे," सौभाग्यवती शांतपणे म्हणाली. "तुम्ही कशामागे चालता?"

आम्ही मूळचे मंगळवेढ्याकडचे. शाळूच्या भाकरीचा अभिमान आमच्या रक्तातच आहे. डॉक्टरांनी ज्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले, त्या माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. त्यांनी तीन दिवस सगळे तोलून वहीत लिहायला सांगितले. त्या वहीने अभिमानाचे काय केले ते ऐका. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे साडेतीनशे उष्मांक, म्हणजे आपण ज्याला कॅलरी म्हणतो त्या. गव्हाचे आणि तांदळाचेही जवळपास तेवढेच! तांदळापेक्षा ज्वारीत कोंडा जास्त, पोट लवकर भरते, हे खरे. पण आमच्या घरची एक भाकरी 75 ग्रॅम पिठाची निघाली आणि मी खात होतो तीन. एका बैठकीला जवळजवळ आठशे उष्मांक, तेही नुसत्या भाकरीचे. 2023 हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून दुकानांत नाचणीची बिस्किटे आणि ज्वारीचे लाडू दिसू लागले आहेत. धान्य गरिबाचे खरे, पण आतली साखर आणि तूप श्रीमंताचेच असते.

उपवासाचीही तीच गत. 75 ग्रॅम साबुदाणा, 30 ग्रॅम दाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप एवढ्या खिचडीचे, बटाटा न धरताही, पाचशेच्या वर उष्मांक होतात. एकादशीला मी वजन कमी करतो आहे या समजुतीत कित्येक वर्षे होतो.

तेलाचा हिशेब तर बाईंनी कागदावरच मांडला. आम्ही चार माणसे, महिन्याला पाच लिटर. म्हणजे माणशी रोज 38 ग्रॅम, सुमारे 340 उष्मांक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दोन हजार उष्मांकांच्या आहाराचा जो नमुना दिला, त्यात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम आहे. आणि मला तर बाईंनी रोज पंधराशेच नेमून दिले होते. माझ्या चालू खाण्यातून दिवसाला पाचशे-सहाशे कमी केले, तर सुरुवातीला आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरते. त्याहून घाई नको, असे त्यांनी बजावले.

हे वाचून जे सडपातळ वाचक गालात हसत असतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आपले स्वतःचेच छायाचित्र छापले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2! आपल्याकडे चरबी पोटात लपून बसते. म्हणूनच जगभर 30 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तर भारतीय तज्ज्ञांनी 2009 मध्ये ती रेषा 25 वर आणली आणि पुरुषाची कंबर 90 व स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या आत असावी असे सांगितले.

हिशेब कळला, पण खरी अडचण वहीत नव्हती. ती स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. आईने उभ्या जन्मात मला तिसरी भाकरी विचारून वाढलेली नाही. ती ताटात येऊन पडते. मी पहिल्यांदा ताटावर हात आडवा धरला, तेव्हा तिने भाकरी परत टोपलीत ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या वडिलांना मी कधी अर्धपोटी उठू दिलं नाही."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर होते. ते आईला देण्याची छाती झाली नाही. वडिलांना तंबाखू होती, नोकरीची दगदग होती, घराण्यातही हा रोग होता. कोणा एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. पण तिने प्रेमाने वाढलेले ताट त्या यादीत घालायचे कसे?

पुढच्या खेपेला मी तिला बाईंकडे बरोबर घेऊन गेलो. बाईंनी माझी वही बाजूला ठेवली आणि विचारले, "आजी, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही काय खात होतात?"

आई जरा वेळ गप्प राहिली. मग सांगू लागली : ताकातल्या कण्या, आंबील, हुलग्याचं माडगं, रानातली तांदळी, पाथरी. तेल म्हणजे फोडणीला बोट फिरवण्यापुरतं.

"तेच यांना द्यायचं," बाई म्हणाल्या.

"ते गरिबीचं खाणं," आई ताडकन म्हणाली. "ते मी पोराच्या ताटात वाढू?"

ज्याला आम्ही घरी पारंपरिक खाणे म्हणत होतो, ते खरे म्हणजे सणावाराचे खाणे. हाती चार पैसे येताच ते रोजचे झाले. आणि खरे रोजचे खाणे आईसारख्यांनी मोठ्या कष्टाने मागे टाकले होते, ते मी पुन्हा मागत होतो. तेव्हा ती अर्धपोटी होती, कारण दुसरे काही नव्हते. मला बाईंनी त्याच पदार्थांच्या जोडीला रोज डाळ, उसळ, दही भरपूर दिले, हा फरक तिला पटायला पुरते दोन महिने लागले.

आता आमचे ताट असे असते. डावी बाजू मोठी झाली आहे : काकडीची, मुळ्याची किंवा टोमॅटोची वाटीभर कोशिंबीर, कूट घातलेच तर एक चमचा. उजवीकडे पालेभाजी, मुगाचे पातळ वरण नाहीतर मटकीची उसळ. भाकऱ्या दोन, पण चाळीस-चाळीस ग्रॅमच्या. रात्री 40 ग्रॅम ज्वारीच्या कण्या पातळ ताकात. पावणेदोनशे उष्मांकांत पोट टम्म होते. कधी हुलग्याचे माडगे, गूळ न घालता, लसूण-जिरे लावून. वाडगाभर प्यायलो तरी शंभराच्या आत. तेल आता बुधलीने ओतत नाहीत, चमच्याने मोजतात. 'रुचिरा'कर्त्या कमलाबाई ओगल्यांनी 1970 साली वाटी-चमच्याचे माप घरोघर नेले. आमच्या घरी ते तेलापर्यंत पोचायला अर्धशतक लागले. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, त्यांनी मात्र आपल्या मनाने जेवण तोडू नये, साखर एकदम उतरते.)

चौथ्या महिन्यात वजन अडून बसले. शरीर हलके झाले की खर्चही कमी करते, असे बाई म्हणाल्या आणि त्यांनी चालणे वाढवले. आमरसाच्या दिवसांत दोन किलो परत आले. आज दहा महिन्यांनी मी 80 किलोवर आहे, कंबर 97. म्हणजे अजून लठ्ठांतच मोडतो. साखर मात्र सीमेच्या अलीकडे आली आहे.

परवा आईने बेसनाचे लाडू वळले. नेहमीच्या एका लाडवाचे सव्वादोनशे उष्मांक होतात, हे मी तिला मुद्दाम सांगितले नव्हते. डब्यात डोकावलो तर लाडू मोठ्या सुपारीएवढे. मी तिच्याकडे पाहिले.

"तेवढ्याच बेसनाचे सत्तर व्हायचे," झाकण लावीत ती म्हणाली, "यंदा एकशे दहा झाले."