चंबळचे अभ्यासक, खाकीतले गुरुजी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश जन्माला आला आणि नागपूरचा राजधानीचा मान गेला. सचिवालयातल्या फायली भोपाळला निघाल्या. त्यांच्यामागे कारकून, स्टेनो, अधिकारी आणि त्यांचे संसारही निघाले. नव्या राजधानीसाठी उभ्या राहिलेल्या सरकारी क्वार्टर्समध्ये, आज ज्यांना तुलसी नगर, शिवाजी नगर, टीटी नगर म्हणतात तिथे, विदर्भातली कितीतरी मराठी घरे अशीच रुजली. त्याच विदर्भातला एक पारशी अधिकारी १९५८ मध्ये या राज्याच्या पोलीस दलाचा प्रमुख झाला. त्यांचे नाव खुसरो फरामुर्झ रुस्तमजी.

रुस्तमजींचा जन्म १९१६ साली कामठीचा. शिक्षण नागपूर आणि मुंबईत झाले, नागपूरच्या सायन्स कॉलेजात काही काळ अध्यापनही केले. १९३८ मध्ये ते पोलीस सेवेत दाखल झाले. प्राध्यापकी अल्पकाळाची ठरली, पण शिक्षकाची एक सवय कायम राहिली. पाहिलेले, ऐकलेले आणि मनात खटकलेले सारे ते डायरीत लिहून ठेवत. पंडित नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांनी १९५२ पासून सहा वर्षे सांभाळली, तेव्हाही हे लेखन चालूच होते.

भोपाळला आले तेव्हा समोर चंबळच्या खोऱ्यातले डाकू होते. डाकू मानसिंग १९५५ मध्ये मारला गेला होता, तरी रूपा, लाखन, अमृतलाल, गब्बर सिंग यांच्या टोळ्यांनी भिंड-मुरैनाची झोप उडवलेली होती. या टोळ्यांचे गणित समजल्याशिवाय नुसत्या बंदुका पाठवून उपयोग नव्हता. जमिनीच्या तुकड्यावरून भांडण, त्यातून खून, मग सूड आणि शेवटी बीहडात, म्हणजे नदीकाठच्या घळींत पळ, अशी एकेका बागीची, म्हणजे डाकूची वाट. टोळीला धान्य आणि आसरा मिळे तो जातभाईंकडून, काडतुसे मिळत ती पैसा फेकून, आणि तो पैसा येई ‘पकड’ करून, म्हणजे माणूस उचलून नेऊन मागितलेल्या खंडणीतून. पोलिसांना खबर देणाऱ्या मुखबिराची गत फार वाईट होई. शिवाय मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांच्या सीमा इथे जवळजवळ येतात. रात्रीतून नदी ओलांडली की टोळी दुसऱ्या राज्यात. आज संघटित गुन्हेगारीचा अभ्यास करणारे पैसा, आश्रय, दहशत आणि सीमा असे जे धागे उलगडतात, ते सगळे इथे एकाच खोऱ्यात गुंतलेले होते.

गब्बर सिंग तर गावकऱ्यांची नाके कापी. १३ नोव्हेंबर १९५९ रोजी उपअधीक्षक राजेंद्रप्रसाद मोदी यांच्या तुकडीने त्याला चकमकीत ठार केले. दुसऱ्या दिवशी नेहरूंचा वाढदिवस होता. रुस्तमजींनी ही बातमी त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून सांगितली. सोळा वर्षांनी ‘शोले’ आला आणि गब्बर हे नाव घरोघरी पोहोचले. मोदींचे नाव मात्र आज किती जणांना ठाऊक आहे?

नेमका हाच सल रुस्तमजींच्या विनोबांशी झालेल्या मतभेदामागे होता. मे १९६० मध्ये विनोबा भावे चंबळमध्ये पायी फिरले आणि वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. देशभर कौतुक झाले. रुस्तमजींनी जाहीरपणे नापसंती दाखवली. डाकूंभोवती तेजोवलय उभे राहते आणि जिवावर उदार होऊन लढलेल्या शिपायाचे मनोधैर्य खचते, हा त्यांचा आक्षेप. त्यासाठी त्यांना टीका सोसावी लागली. पुढे १४ एप्रिल १९७२ रोजी जौराला जयप्रकाश नारायण यांच्यासमोर मोहर सिंग, माधो सिंग यांच्यासारख्या बड्या सरदारांनी शरणागती पत्करली, तेव्हा विनोबांची वाट फळाला आलेली दिसली. तरीही रुस्तमजींचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही. ज्यांची माणसे मारली गेली, ज्यांची नाके गेली, त्यांच्या बाजूने त्या गर्दीत कोण बोलले?

१९६५ मध्ये ते सीमा सुरक्षा दलाचे पहिले महासंचालक झाले. दलाची अकादमी त्यांच्याच काळात ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला उभी राहिली. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे.

पण त्यांचे सर्वांत मोठे काम निवृत्तीनंतरचे. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून त्यांनी बिहारचे तुरुंग पाहिले. किरकोळ गुन्ह्यांच्या आरोपाखाली वर्षानुवर्षे खितपत पडलेले कच्चे कैदी तिथे होते. खटला उभा राहून शिक्षा झाली असती, तर त्यातले कितीतरी जण केव्हाच सुटले असते. रुस्तमजींनी जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये त्यांच्यावर लेख लिहिले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. हाच तो हुसैनआरा खातून खटला. जलद सुनावणी हा मूलभूत हक्क असल्याचे न्यायालयाने त्यात सांगितले आणि देशभरातल्या हजारो कच्च्या कैद्यांच्या सुटकेची वाट मोकळी झाली. जनहित याचिकेचा इतिहास याच खटल्यापासून सांगितला जातो. टोळ्यांचा पाठलाग करण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या पोलिसाने गजाआडच्या माणसासाठी लेखणी उचलावी, यातच त्यांचा मोठेपणा दिसतो. १९९१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. मार्च २००३ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

या गुरूला शिष्यही तोलामोलाचा लाभला. पोलीस अधिकारी पी. व्ही. राजगोपाल यांनी त्यांच्या डायऱ्या संपादित केल्या. नेहरूंसोबतच्या वर्षांवर ‘आय वॉज नेहरूज शॅडो’ आणि पुढे ‘द ब्रिटिश, द बँडिट्स अँड द बॉर्डरमेन’ अशी पुस्तके त्यातून आली. चंबळचा तो काळ पोलिसांच्या बाजूने कळतो, तो या कष्टांमुळे.

तुलसी नगर परिसरातल्या मराठी घरांत तो काळ पाहिलेली माणसे आता थोडीच उरली असतील. कुणाचे वडील पोलीस मुख्यालयात, कुणाचे काका भिंडच्या कचेरीत नोकरीला असतील. त्यांच्याकडे जुन्या वह्या, पत्रे, कात्रणे असतील तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. आठवणी असतील तर एखाद्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा आणि तारखेसकट लिहून घ्या.