एसी मेकॅनिकची बॅग

एसी दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकची बॅग उघडी दिसली, तर जरूर डोकावा. पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर एकत्र कोंबलेले असले तर फार तर शोधण्यात वेळ जातो. मल्टिमीटरला मात्र वेगळा कप्पा हवा. बरेच दिवस वापरायचा नसेल तर सेलही काढून ठेवावेत, नाहीतर ते गळून आतल्या पट्ट्या खातात. खरी काळजी व्हॅक्यूम पंपाची. त्याचे तेल हवेतला ओलावा शोषते आणि मग पंप पाइपातली हवा, वाफ नीट ओढत नाही. म्हणून तोंडाला टोपण लावून तो उभाच ठेवायचा, कोकणच्या पावसाळ्यात तर नक्कीच. एसीत भरायचा आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो. त्याचा सिलिंडर उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका.