पांढऱ्या पडलेल्या पिटुनियाची गोष्ट

पिटुनियाची फुलं आणखी गडद जांभळी व्हावीत, एवढीच कॅरोलिन नेपोली आणि रिचर्ड जॉर्गेन्सन यांची इच्छा होती. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये त्यांनी रंगद्रव्य बनवणाऱ्या जनुकाची जादा प्रत झाडात घातली. रंग वाढायचं राहिलं बाजूला, बऱ्याच झाडांना पांढरीशुभ्र फुलं आली, काहींच्या पाकळ्यांवर जांभळे-पांढरे पट्टे उमटले. नवं जनुक गप्प बसलंच, पण त्याच्याबरोबर झाडाचं मूळचं जनुकही बंद पडलं. हे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले, पण कारण काही कळेना.

ते हाती लागलं १९९९ मध्ये, इंग्लंडमधल्या नॉर्विचला. अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकोम्ब यांना जनुक बंद पडलेल्या झाडांत आरएनएचे जेमतेम वीस-पंचवीस अक्षरांचे तुकडे सापडले. जनुक चालू असलेल्या झाडांत ते नव्हते.

हे तुकडे झाड स्वतःच पाडतं. दुपेडी आरएनए दिसला की डायसर जातीची विकरं त्याचे २१ ते २४ अक्षरांचे तुकडे करतात. आर्गोनॉट नावाचं प्रथिन त्यातला एक पेड उचलतं आणि त्याच्याशी जुळणारा संदेशवाहक आरएनए शोधून कापतं. संदेशच तुटला, मग प्रथिन बनणार कसं? विषाणूंच्या आरएनएवरही झाड हेच हत्यार चालवतं. विषाणूही कमी नाहीत, ते हे हत्यार बोथट करणारी प्रथिनं बाळगतात.

मला सर्वांत थक्क करतो तो मिआर-३९९ हा असाच एक सूक्ष्म आरएनए. जमिनीत स्फुरद कमी पडलं की तो पानांकडच्या भागात वाढतो, रसवाहिन्यांतून खाली मुळांपर्यंत उतरतो आणि स्फुरद शोषण्यावर लगाम ठेवणारं एक जनुक दाबतो. लगाम सुटतो, मुळं जास्त स्फुरद ओढू लागतात. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तरी शेंड्याची भूक मुळाला कळते!

दुपेडी आरएनएमुळे जनुकं कशी बंद होतात, हे सूत्रकृमीत दाखवणाऱ्या अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना २००६ चं नोबेल मिळालं. सूक्ष्म आरएनएसाठी २०२४ चं नोबेल मिळालं व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना, तेही सूत्रकृमीवरच्याच कामासाठी. चौघांचाही मान रास्तच आहे. पण यातलं एकही नोबेल वनस्पतींवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला आलं नाही, हा माझ्या मते अन्यायच आहे.