गिऱ्हाईक कोणाचे? वेबसाईटवाल्याचे की कारागिराचे?

कपड्याच्या बाजारात दलाल हा काही नवा माणूस नव्हे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागावर निघालेले कोरे कापड खरेदीदाराच्या गोदामापर्यंत पोहोचते ते बहुधा दलालाच्या हातून. त्याच्याजवळ ना माग असतो, ना सूत. कोणाला कोणता माल पाहिजे आणि तो कोणाकडे पडून आहे, ही माहिती हेच त्याचे भांडवल. सौदा पटला की तो आपली दलाली घेऊन बाजूला होतो. चांगला दलाल असेल तर मागवाल्याचेही भले होते आणि खरेदीदाराचेही. वाईट असेल तर दोघेही बुडतात आणि दलाल तेवढा तरतो.

हीच दलाली आता इंटरनेटवर आली असून ती मालाची नव्हे तर कामाची आहे. फ्रिज व एसी दुरुस्त करणारे, नळजोडणीवाले, इलेक्ट्रिशियन, सुतार, रंगारी, पाण्याची टाकी साफ करणारे, सोफ्याचे कापड बदलणारे, गाद्या पिंजून भरणारे पिंजारी बंधू, शाल व साडी रफू करणारे रफूगार या सर्वांच्या धंद्याशी तिचा संबंध आहे. आपल्या समाजातील फार मोठा वर्ग याच हुन्नरांवर पोट भरतो. म्हणून हा धंदा कसा चालतो, त्यात फायदा कोठे व फसगत कोठे, हे नीट समजून घेणे जरुरीचे आहे.

धंद्याची रीत

समजा, सोलापुरात एखाद्याच्या घरचा एसी बिघडला. पूर्वी तो शेजाऱ्याला विचारी किंवा नाक्यावरच्या दुकानात जाई. आता तो मोबाईलवर ‘एसी दुरुस्ती सोलापूर’ असे लिहितो किंवा बोलतो आणि वर जी दोन-चार नावे दिसतील त्यांपैकी एकाला फोन लावतो. खालची नावे वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. कागदी डिरेक्टरीच्या जमान्यातही हेच होते. आपले नाव पहिले यावे म्हणून अमेरिकेतील दुकानदार दुकानाच्या नावापुढे तीन-तीन ‘ए’ लावीत असत.

ही गोष्ट ओळखून एखादा हुशार तरुण, ज्याला एसीचा स्क्रू कोठे असतो हेही ठाऊक नाही, ‘एसी दुरुस्ती, सोलापूर’ अशा धर्तीची वेबसाईट तयार करतो. त्यावर कामाची माहिती, मोहल्ल्यांची नावे, साधारण दर आणि एक फोन नंबर टाकतो. काही महिन्यांत ती वेबसाईट शोधात वर येऊ लागते. फोन सुरू झाले की तो एखाद्या मेकॅनिकला गाठतो आणि सांगतो, ‘हे फोन तुमच्याकडे वळवतो, महिन्याला इतके भाडे द्या.’ व्यवहारात अशा चौकशीला ‘लीड’ म्हणतात. कोणी महिन्याचे भाडे घेतो, कोणी फोनमागे पैसे, तर कोणी झालेल्या कामावर टक्केवारी.

मोठ्या प्रमाणावर हेच काम करणाऱ्या कंपन्या आपल्याकडे आहेतच. जस्टडायल १९९६ साली मुंबईत फोनवरून पत्ते सांगण्याच्या सेवेने सुरू झाली, २०१३ मध्ये शेअर बाजारात आली आणि २०२१ मध्ये तिचा ताबा रिलायन्स रिटेलकडे गेला. २०१४ साली निघालेली अर्बनक्लॅप २०२० पासून अर्बन कंपनी या नावाने ओळखली जाते. मात्र ती नुसती चौकशी देत नाही, तर दर व कामाची पद्धतही स्वतःच ठरवते. यावरून एवढे तरी कळते की, गिऱ्हाईक आणून देणे हा आज स्वतंत्र व किंमतवान धंदा झाला आहे.

पागडीच्या दुकानाची उपमा

मुंबईच्या व्यापाऱ्याला पागडी समजावून सांगावी लागत नाही. दुकान चालवणारा आयुष्य घालवतो, नाव कमावतो, पण जागेचा कागद कोणाच्या नावावर आहे यावर सारे अवलंबून असते. पागडीत भाडेकरूला कायद्याचे थोडेबहुत संरक्षण तरी आहे. भाड्याच्या वेबसाईटवर तेही नाही.

मेकॅनिकने पाच वर्षे त्या वेबसाईटचे भाडे भरले, उन्हातान्हात कामे केली, गिऱ्हाइकांनी खूश होऊन चांगले अभिप्राय लिहिले. हे सर्व जमा झाले ते वेबसाईटच्या नावावर. उद्या वेबसाईटवाल्याने भाडे दुप्पट केले किंवा दुसरा मेकॅनिक जास्त पैसे द्यायला तयार झाला, तर तो एका मिनिटात फोन तिकडे वळवतो. जुने गिऱ्हाईकसुद्धा तोच नंबर लावते आणि त्याच्या दारात दुसराच माणूस येऊन उभा राहतो. मेहनत एकाची, नाव दुसऱ्याचे, असा हा प्रकार आहे.

परक्या जागेवर घर बांधण्याचा धोका मोठ्या कंपन्यांकडूनही असतो. गुगलने छोट्या दुकानदारांना मोफत वेबसाईट बनवून देण्याची सोय केली होती. मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली. ज्यांनी स्वतःचे वेगळे नाव घेतले नव्हते, त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली.

परदेशातील धडा

अमेरिकेत हा धंदा आपल्यापेक्षा जुना असून तेथील अनुभव आपल्या उपयोगी पडण्यासारखा आहे. होमॲडव्हायझर नावाची कंपनी कारागिरांना घरकामाच्या चौकशा विकत असे. चौकशांचा दर्जा व त्या कोठून येतात याविषयी कंपनीने कारागिरांची दिशाभूल केली, असा आरोप तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने मार्च २०२२ मध्ये ठेवला. जानेवारी २०२३ च्या आदेशाने कंपनीवर ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे बंधन आले. येथे फसवणुकीची तक्रार गिऱ्हाइकाची नव्हती. ज्यांनी पैसे मोजून चौकशा विकत घेतल्या त्या कारागिरांविषयी होती, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरा धडा खोट्या पत्त्यांचा. कुलूप-किल्लीच्या धंद्यात नकाशावर खोट्या दुकानांचा सुळसुळाट झाला. फोनवर कमी भाव सांगायचा आणि दारात आल्यावर अनेक पट मागायचा, अशी ही टोळ्यांची रीत. मार्च २०२५ मध्ये गुगलने अशा खोट्या नोंदी करणाऱ्यांविरुद्ध कोर्टात दावा लावला आणि दहा हजारांवर नोंदी काढून टाकल्याचे सांगितले. गुगलचा नियमही स्पष्ट आहे. नकाशावरील व्यवसाय-नोंद ही प्रत्यक्ष काम करणाऱ्यासाठी आहे, केवळ चौकशा गोळा करून विकणाऱ्यासाठी नाही. म्हणून वेबसाईट भाड्याने देणारा जर ‘नकाशावर तुमची दहा दुकाने दाखवतो’ असे म्हणू लागला, तर त्याच्याशी सौदा न केलेला बरा. नोंदी उडाल्या की कारागिराचे नावही त्यांच्याबरोबर उडते.

कारागिराने काय करावे?

पहिली गोष्ट, आपली स्वतःची जागा करावी. ती महाग नाही. नकाशावरील व्यवसाय-नोंद मोफत होते. दुकान नसेल व कामासाठी घरोघर जावे लागत असेल, तर घरचा पत्ता न दाखवता ‘या भागात सेवा देतो’ अशी नोंद करता येते. खात्री पटवण्यासाठी बऱ्याचदा हत्यारे, गाडी, पाटी किंवा कामाची जागा दाखवणारा व्हिडिओ मागतात. तो स्वतः काढावा. ही नोंद करून देणाऱ्याच्या ईमेलवर खाते कधीही उघडू देऊ नये. खाते आपले, मोबाईल आपला, पासवर्ड आपल्या घरात.

दुसरी गोष्ट, वेबसाईटचे नाव म्हणजे डोमेन. ते आपल्या नावावर घ्यावे व दर वर्षी त्याची फी वेळेवर भरावी. ‘डॉट इन’ हे नाव सहज मिळते. २०१४ पासून देवनागरी लिपीत ‘डॉट भारत’ नावही घेता येते. पावती व नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या वहीत लिहून ठेवावी.

तिसरी गोष्ट, पानावर काय असावे? आपण करतो ते काम, ज्या भागात जातो त्या भागांची नावे, पाहणीचा आकार, कामाचा साधारण दर आणि आपल्या हातच्या खऱ्या कामांचे फोटो. उसने फोटो लावू नयेत. गादीवाल्याने जुनी गादी, पिंजलेला कापूस व तयार गादी असे तीन फोटो लावावेत. रफूगाराने फाटलेली व जोडलेली शाल शेजारी शेजारी दाखवावी. अशी चित्रे शंभर शब्दांचे काम करतात. मराठी, हिंदी व उर्दू या तिन्हींत चार ओळी असल्या तर आणखी उत्तम. २०१८ पासून मोफत मिळणारे व्हॉट्सॲप बिझनेसही याला जोडता येते.

चौथी गोष्ट, काम झाल्यावर गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी. पैसे देऊन किंवा भाच्या-पुतण्यांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेऊ नयेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाईन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. शिवाय बाजारात खोट्याचा रंग फार दिवस टिकत नाही.

भाड्याची वेबसाईट घेतलीच तर

तरीही सुरुवातीला फोन मिळावेत म्हणून कोणी भाड्याची वेबसाईट घेतली तर त्यात गैर काही नाही. दलालही बाजाराला लागतोच. फक्त हिशेब मांडून घ्यावा. समजा, महिन्यात ३० फोन आले. त्यांत १० चुकीचे किंवा नुसते भाव विचारणारे निघाले, ८ जणांचे जमले नाही व १२ कामे झाली. खर्च वजा जाता कामामागे ५०० रुपये उरले तर महिन्याची कमाई ६,००० रुपये झाली. २,००० रुपये भाडे दिले तर एक तृतीयांश गेले, ४,००० हातात राहिले. फोनमागे १०० रुपये ठरले असतील तर ३० फोनांचे ३,००० रुपये होतात, म्हणजे निम्मी कमाई गेली. पण चुकीच्या फोनांचे पैसे द्यायचे नाहीत असे आधी ठरले असेल तर हीच रक्कम २,००० वर येते. एका अटीत महिन्याचे १,००० रुपये वाचतात.

म्हणून जबानी व्यवहार करू नये. कागदावर पुढील गोष्टी याव्यात. चुकीचा फोन कशाला म्हणायचे. एकच चौकशी आणखी किती जणांना विकली जाणार. भाडे वाढवायचे तर किती महिने आधी सांगायचे. करार संपल्यावर आपण केलेल्या कामांचे फोटो व गिऱ्हाइकांची यादी कोणाची. शेवटच्या कलमावर अडून बसावे. आणि पहिल्या कामालाच गिऱ्हाइकाच्या हातात आपल्या स्वतःच्या नंबरची पावती द्यावी. दुसरा फोन सरळ आपल्याकडे आला पाहिजे. हे कागदात आधीच मान्य करून घ्यावे, म्हणजे चोरीछुपेपणा राहत नाही.

सुशिक्षित तरुणांसाठी

आपल्या मोहल्ल्यात संगणक शिकलेली अनेक मुले नोकरीच्या वाट पाहत बसली आहेत. त्यांच्यासाठी हा कमी भांडवलाचा धंदा आहे. एक हुन्नर व एक शहर निवडावे. ज्या कामाची तातडी असते व ज्यात एका कामाला चार पैसे सुटतात, असे काम घ्यावे. पान लिहिण्याआधी त्या कारागिराबरोबर चार दिवस कामावर जावे, म्हणजे गिऱ्हाईक काय विचारते हे कळेल. शोधात वर यायला महिने लागतात, तेवढा धीर धरावा. लोकांचे नाव-नंबर गोळा करताना त्यांची संमती घ्यावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आहेत व बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणीही करावी लागते.

याहूनही चांगली वाट एक आहे. पाच-दहा कारागिरांनी मिळून वर्गणी काढावी, एका होतकरू मुलाला मेहनताना द्यावा आणि वेबसाईट, नंबर व खाते सर्वांच्या नावे ठेवावे. एकजण सुतार, एकजण रंगारी, एकजण नळवाला. एकाकडे आलेले गिऱ्हाईक दुसऱ्यालाही मिळेल. मुलाला रोजगार मिळेल आणि दलाली घरातच राहील.

कारागीर बंधूंनो, हुन्नर आपल्या हातात आहे, तो कोणी हिरावून घेऊ शकत नाही. पण ज्या नंबरवर गिऱ्हाईक फोन लावते तो नंबरही आपल्याच हातात असला पाहिजे. आज दुकान उघडण्यापूर्वी एवढेच तपासावे: मोबाईलवर आपल्या कामाचे व गावाचे नाव लिहून पाहावे, आणि जे नाव वर येते त्याच्यामागचा नंबर कोणाचा आहे ते बघावे.